एकच पत्ता

दुरुस्तीवाली टेबलाखालून बाहेर आली ती केसांत कोळ्याचं जाळं घेऊनच. हातातलं वायरीचं टोक तिनं काटेवाल्यांपुढे धरलं आणि हे उंदरानं खाल्लं की तुम्ही, असं सरळ विचारलं. काटेवाले हसले नाहीत. बाहेर वजनकाट्याच्या लोखंडी प्लेटवर खडीचा ट्रक चढला होता, समोरच्या डब्यातला लाल आकडा अजून खालीवर होत होता, आणि आकडा ठरल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम होता. आकडा ठरला. त्यांनी बटण दाबलं, चिठ्ठी फाडून खिडकीतून ड्रायव्हरला दिली आणि मगच ते तिच्याकडे वळले.

"वायर जुनी आहे," ते म्हणाले. "काम होईल ना पण?"

न व्हायला काय झालं, असं म्हणत ती त्यांच्याच खुर्चीत बसली. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. काल दुपारभर काटेवाल्यांच्या घरी बसून तिनं त्यांच्या बायकोचा कॉम्प्युटर लावून दिला होता, आणि तेवढ्यात काकूंनी आपल्याला दोनदा चहा पाजून आपल्या सासूचा सगळा इतिहास काढून घेतला, हे तिनंच सांगून टाकलं. आज केबिनमधल्या कॉम्प्युटरची पाळी होती. दोन्हीकडे सारखीच मेल दिसायला हवी, एवढंच काम. पण ते काढलं होतं काकूंनी, परस्पर. काकांना त्याचा पत्ता लागला तो काल रात्रीच्या जेवणात.

घरचा मेलचा पत्ता एकच होता. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना लेकीनं तो काढून दिला होता आणि घरच्या नि काट्यावरच्या अशा दोन्ही कॉम्प्युटरवर बसवूनही दिला होता. दोघांना वेगवेगळं लिहायचा मला कंटाळा येतो, मी एकदाच लिहीन, तुम्ही दोघं वाचा, असं तिचं म्हणणं. लहानपणी एकच गोष्ट दहादा मागायची म्हणून तिचं नाव भुणभुण पडलं होतं. मोठी झाल्यावर मात्र काही मागायचं असलं की फोनवर तिची जीभ अडायची, मग ती लिहून पाठवायची. पत्राच्या वर 'आई-बाबा' आणि खाली 'भुणभुण'. उत्तर कुणीही लिहो, त्याखाली 'तुझे आई-बाबा' असंच यायचं. त्या घराचा तो रिवाजच पडून गेला होता.

तिनं बसवून दिलेल्यात एक खोट राहून गेली होती. जो कॉम्प्युटर आधी विचारेल त्याच्याकडे ती मेल उतरायची आणि दुसऱ्यासाठी मागे काही उरायचं नाही. त्यामुळे तिची पत्रं आईबापांत वाटली गेली, काही घरी, काही काट्यावर. तेव्हा त्या दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी यांनी यांच्याकडचं सांगायचं, बायकोनं तिच्याकडचं, तेवढाच बोलायला विषय. लेकीला हे कधी कळलं नाही आणि कुणी कळवलंही नाही. आपला शब्द न् शब्द दोघंही वाचतात अशीच तिची समजूत राहिली.

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. किरकोळ वाटणाऱ्या तापानं गेली, भाड्याच्या खोलीत एकटी असताना तो वाढला, आणि हे दोघं दवाखान्यात पोचले तेव्हा तिनं त्यांना ओळखलं नाही. त्यानंतर घरात तिच्याबद्दल बोलणं जवळपास थांबलं. मागच्या महिन्यात एकदा कपडे वाळत घालता घालता बायको म्हणाली होती, "माझ्याकडे तिची अर्धीच पत्रं आहेत." काटेवाल्यांनी नुसतं हं केलं होतं आणि चिमट्यांची टोपली तिच्या हाताशी सरकवली होती.

दुरुस्तीवालीचं बोलणं चालूच होतं. आता दोन्ही कॉम्प्युटर मेल उचलून आपल्या घरी नेणार नाहीत, तिनं समजावलं. मेल वरच, इंटरनेटवर राहणार आणि दोघं तिथं डोकावून बघणार. काकूंनी तिकडे वाचली की इकडेही वाचलेली दिसणार. इकडे पुसली की तिकडूनही गेली. काकूंकडचं सगळं जुनं, आलेलं आणि पाठवलेलं, तिनं कालच वर चढवलं होतं. आता यांच्याकडचं चढवायचं, म्हणजे दोन्ही अर्धी एक झाली.

"सगळं चढवायचं?" काटेवाल्यांनी विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं. काकूंनी बजावून सांगितलंय, एकसुद्धा सोडायचं नाही."

काटेवाल्यांनी तिला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. काही कामाचे कागद आहेत, ते आधी बाजूला काढतो म्हणाले. तिला भूक लागलीच होती. डबा घेऊन ती बाहेरच्या बाकावर गेली आणि जाताना दारही लोटून गेली.

ते पत्र कुठं आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही. अकरा महिन्यांत त्यांनी ते दोनदाच उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत न वाचताच बंद केलं होतं. आताही त्यांनी ते चष्मा न लावताच उघडलं, आणि मग लावावाच लागला.

'आई-बाबा, आठवडा झाला, बारीक ताप येतोय. ऑफिसात डोकं टेकावंसं वाटतं. चार दिवस रजा टाकून येऊ का घरी? सांगा म्हणजे तिकीट काढते. — भुणभुण'

सोमवारी सकाळी आलं होतं ते, काट्यावर. उत्तर त्यांनी तिथल्या तिथं लिहिलं होतं, दोन ट्रकांच्या मध्ये. 'नवीन ठिकाणी लागून तीनच महिने झालेत, एवढ्यात रजा मागणं बरं दिसत नाही. अंगावर काढू नकोस, गोळी घे. थोडा दम धर, मोठ्या सुट्टीत ये. तुझे आई-बाबा.' आणि संध्याकाळी घरी गेल्यावर यातलं एक अक्षर बोलले नव्हते. बायकोला सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं फोन उचलून पोरीला बोलावून घेतलं असतं, आणि पोरीची लागलेली नोकरी गेली असती, असा त्यांचा तेव्हाचा हिशेब. बापानं कुठंतरी कठोर व्हावंच लागतं, असंही त्यांना त्या दिवशी वाटून गेलं होतं. या वाटण्याची त्यांना आता किळस यायची.

बायको हे वाचणार. आज नाहीतर उद्या, एकटी बसून, खालच्या 'आई-बाबा'सकट वाचणार. आपल्या नावानं आपल्याच पोरीला नको म्हटलेलं. मग ती काही बोलणार नाही, ती तशी नव्हतीच. ताट वाढेल, पाणी ठेवेल, आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे नीट बघणार नाही. दुसरं लेकरू नव्हतं. त्या घरात आता एकमेकांकडे बघायला दोनच माणसं उरली होती.

त्यांनी आधी आपलं उत्तर पुसलं. पण नुसतं तेवढ्यानं भागत नव्हतं, तिचं पत्र राहिलं असतं तर त्याचं उत्तर कुठाय, हे कुणीही विचारलं असतं. म्हणून त्यांनी तेही पुसलं. कायमचं काढायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्यांनी हो म्हटलं, मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि हात पुसले, जणू हाताला काही लागलं होतं.

दुरुस्तीवाली परत आली, तिनं काय काय दाबलं, आणि अर्ध्या तासात पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या. काट्यावरच्या वर जात होत्या आणि घरच्या खाली येत होत्या. झालं काका, ती म्हणाली, आता काकू आणि तुम्ही एकाच पानावर. तिनं पिशवी आवरली, केसांतलं जाळं एकदाचं काढलं, आणि उद्या काही अडलं तर फोन करा म्हणून निघून गेली.

दुपारनंतर ट्रक कमी असतात. काटेवाले घरची पत्रं वाचत बसले. काहींतला मजकूर बायकोनं सांगितलेला होता, पण लेकीच्या शब्दांत तो निराळाच होता. बायकोनं एका ओळीत उरकलेली घरमालकिणीच्या मांजरीची गोष्ट प्रत्यक्षात दोन पानांची होती. ते एकटेच हसले, मग त्यांना रडू आलं, मग एका ट्रकवाल्यानं खिडकीवर टकटक केली तेव्हा कळलं की रिकामी गाडी प्लेटवर चढून पाच मिनिटं झालीत. त्यांनी डोळे पुसून आकडा नोंदवला. ट्रकवाल्यानं चिठ्ठी घेतली आणि काही न विचारता गेला.

शेवटाकडची पत्रं आली तेव्हा त्यांनी थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. त्या सोमवारनंतरचा गुरुवार.

'आई-बाबा, परत विचारते, रागावू नका. चार दिवस येऊ का? ताप हटत नाहीये. नुसती झोपून राहीन, काही मागणार नाही. — भुणभुण'

आणि त्याच दिवशी घरून गेलेलं उत्तर.

'राणी, घरात रंगाचं काम काढलंय. सगळीकडे धूळ आणि तो उग्र वास, तुला आणखीच त्रास होईल. पुढच्या शनिवारपर्यंत उरकतंय, मग सावकाश ये नि हवी तेवढी झोप. डॉक्टरांना दाखव. तुझे आई-बाबा.'

काटेवाल्यांनी ते पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. रंगाचं काम त्यांना चांगलंच आठवत होतं. बायको रंगाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागली होती, शनिवारच्या आत झालं पाहिजे म्हणून. एवढी कसली घाई, कोण पाहुणे यायचेत, असं ते तिला चिडून म्हणालेही होते. तिनं उत्तर दिलं नव्हतं. बुधवारी घरमालकिणीचा फोन आला. तेव्हा इकडे घरातली लेकीची खोली निम्मी रंगवून झाली होती, ती अजूनही तशीच होती.

तेव्हा मधल्या रविवारी फोनवर मी बरी आहे असं पोरगी का म्हणाली, हेही त्यांना आता कळलं. तिच्या लेखी पत्ता एकच होता. तिनं दोघांना दोनदा विचारलं होतं आणि दोघांनी दोनदा नाही म्हटलं होतं. लहानपणी दहादा मागणारी पोर, तिसऱ्यांदा मागायला धजली नाही.

मग त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली आणि ते खुर्चीतून उठले. बायकोनं हे पुसलं नव्हतं. कालचा सगळा दिवस तिच्या हातात होता, पुसता आलं असतं. तिनं माणूस बोलावून, चहा पाजून, ते वर चढवून घेतलं होतं. आता एकत्र झालेल्या सगळ्या पत्रांत पोरीला येऊ नको म्हणणारं पत्र एकच उरलं होतं, आणि ते तिचं होतं.

त्यांनी दुरुस्तीवालीला फोन लावला. चुकून पुसलेलं पत्र परत आणता येईल का, असं विचारलं. कधी पुसलं, टोपली रिकामी केली का, तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं.

"काका, आता दोन्हीकडे एकसारखं झालंय," ती म्हणाली. "जे नाही ते कुठंच नाही."

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा बायको कॉम्प्युटरसमोरच बसली होती. दिवा लावायचा राहिला होता आणि पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. त्यांच्याकडची पत्रं वाचत होती. पोरीनं छत्री विसरल्याचं, साहेबाच्या टोपाचं, बसमधे झोप लागून शेवटच्या थांब्याला उतरल्याचं, यातलं तुम्ही मला निम्मं सांगितलंच नाही, असं ती लटक्या रागानं म्हणाली. डोळे सुजले होते, पण अकरा महिन्यांत तिचा आवाज असा मोकळा झाला नव्हता. काटेवाल्यांनी चपला काढल्या आणि त्या जागेवर नीट लावल्या, कितीतरी वेळ लावत राहिले.

"माझ्याकडचं आलं का तुमच्याकडे?" तिनं पडद्याकडे बघतच विचारलं. "सगळं?"

"आलं."

"वाचलंत?"

"वाचलं."

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. तोंडानं सांगता येईना म्हणून त्या दुरुस्तीवालीला बोलावलं, ती म्हणाली. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही लगेच आणायला निघाला असतात, हे मला ठाऊक होतं, आणि मला तिची खोली रंगवून तिला दाखवायची होती. आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय, असं वाटलं. हे सगळं तिनं पाढे म्हणावेत तसं एका दमात म्हटलं, फार दिवस पाठ केल्यासारखं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

काटेवाले तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मीही तिला येऊ नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आधी. सोमवारी. तिचं पत्र काट्यावर उतरलं होतं, तिथूनच मी उत्तर दिलं."

ती वळली. "कुठाय ते?"

"पुसलं. आज दुपारी. तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून."

तिचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता, माया होती, आणि काटेवाल्यांना ती सोसेना.

"माझ्यासाठी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही तिला कधी नाही म्हणालात का जन्मात? माझी चूक आहे ती माझ्याजवळ राहू दे."

त्यांनी शपथ घेतली. नवी नोकरी, रजा, गोळी घे, दम धर, सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, आजारी माणसाचं ऐकावं तशी. लेकीवर जीव ओवाळून टाकणारा हा माणूस असं लिहील हे तिला पटतच नव्हतं, आणि पटवायला त्यांच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. शेवटी त्यांनी तिच्या हातातून माऊस घेतला, गुरुवारचं पत्र उघडलं आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं.

"'परत विचारते' म्हणाली ती. आधी विचारल्याशिवाय परत कसं विचारेल?"

बायकोनं वाचलं. हे पत्र तिला न उघडताही म्हणता आलं असतं, तरी तिनं एकेक अक्षर वाचलं. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"मला वाटायचं, मलाच विचारलं असेल तिनं, फोनवर, त्या रंगाच्या गडबडीत. आणि मी विसरून गेले. अकरा महिने आठवतेय मी. कधी विचारलं तिनं, मी काय म्हणाले."

एक पत्र लपवलं एवढाच काटेवाल्यांनी आपला गुन्हा धरला होता. त्या पत्राच्या जागी ती रोज आपली एक चूक घडवून ठेवत होती, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. क्षमा माग, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं, पण ज्याची मागायची ते एका शब्दात मावेना.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. बायको उठली नाही, रडली नाही, त्यांच्या हातावरचा हात मात्र तिनं काढून घेतला. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"तुमचं उत्तर पुसलंत," ती म्हणाली. "आणि तिचं पत्र?"

त्यांनी मान खाली घातली.

"तेही?"

"तेही."

तिनं पडद्यावरचं पत्र बंद केलं, एक नवीन कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड आपल्या पुढ्यात ओढला.

"सांगा," ती म्हणाली. "तिचे शब्द सांगा. तुमचे नकोत."

"आई-बाबा," काटेवाले म्हणाले. तिनं ते टाइप केलं आणि बोटं तशीच धरून पुढच्या शब्दासाठी थांबली. दुपारीच वाचलेलं होतं, चष्मा लावून. ताप आधी होता की रजा, तिकिटाचं काय म्हणाली होती, 'येऊ का' होतं की 'यावं का', त्यांना काही केल्या आठवेना.